२०१८ ची ब्रेझा डिझेल घेऊ का? १.३ इंजिनाची धाकधूक वाटतेय (नाशिक)

गोदाकाठ | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी शिक्षक, पाथर्डी फाट्याला राहतो, शाळा निफाडला. रोजचे जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर पडतात. आजवर बाइक आणि एसटीवर निभावलं. पण आईचे गुडघे आता बाइकवर बसू देत नाहीत, आणि बहीण ठाण्याला असल्यामुळे महिन्यातून एकदा कसारा घाट ठरलेला. गाडी घ्यायचीच आहे. बजेट साडेसहा लाख, त्यातले चार कर्जाचे. म्हणजे चूक झाली तर ती निस्तरायला हातात काही उरणार नाही. म्हणूनच इतकं विचारतोय.

मुंबई नाक्याजवळ एका डीलरकडे २०१८ ची व्हिटारा ब्रेझा डिझेल बघितली. एमएच १५, फर्स्ट ओनर, मीटरवर १,१२,००० किमी. पांढरी, आतून अगदी स्वच्छ. सहा लाख चाळीस सांगतोय. चालवून बघितली, छान वाटली. पण घरी आल्यावर व्हिडिओ बघत बसलो आणि झोप उडाली. एक म्हणतो हे १.३ इंजिन तीन लाख किलोमीटर डोळे झाकून जातं. दुसरा म्हणतो लाखानंतर टायमिंग चेन (व्हॉल्व वेळेवर उघडणारी साखळी), टर्बो, इंजेक्टर, सगळं एकदम काढतं. शिवाय २०२० पासून हे इंजिन मारुतीने बंद केलंय, मग पार्ट मिळतील का?

दोन दिवसांत टोकन द्या, नाहीतर गाडी जाईल, असं डीलर म्हणतोय. काय करू?

पिंपळगावकर | ७ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सर, आधी दोन गोष्टींची काळजी सोडा.

हेच १.३ इंजिन माझ्या २०१४ च्या स्विफ्टमध्ये आहे. २,६१,००० झाले. द्राक्षाच्या सीझनमध्ये रोज मार्केट, मळा, कोल्ड स्टोरेज. इंजिन अजून उघडलेलं नाही. एकदा क्लच प्लेट, एकदा टर्बोचा पाइप, एकदा चेन किट, बस. चेन किट १,९०,००० ला टाकलं, आवाज यायला लागला तेव्हाच.

पार्टचं म्हणाल तर हे इंजिन मुळात फियाटचं. मारुती ते परवान्यावर मानेसरला बनवायची, मधे काही काळ रांजणगावहूनही यायचं. मारुती, टाटा, फियाट, शेवर्ले, सगळ्यांनी हेच वापरलं. इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की पिंपळगावच्या दुकानातसुद्धा पार्ट मिळतो.

दोन दिवसांत टोकनचं मनावर घेऊ नका. ही गाडी गेली तर दुसरी मिळेल.

टर्बोप्रेमी | ७ ऑक्टोबर, रात्री ११:०२

सर, २०२५ मध्ये जुनं डिझेल कशाला? त्याच पैशांत थोडी जुनी टर्बो पेट्रोल बघा. फोर्ड इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट येतं, ९९९ सीसीमध्ये १२५ पीएस. या इंजिनाला २०१२, २०१३ आणि २०१४ असा सलग तीन वर्षं 'इंजिन ऑफ द इयर'चा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. घाटात ब्रेझा त्याच्या जवळपाससुद्धा येणार नाही. १.३ डिझेल दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं.

अंबडचा फिटर | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

गॅरेज उघडायच्या आधी लिहितो, नंतर वेळ मिळत नाही.

टर्बोप्रेमी भाऊ, इकोबूस्ट चालवायला सुरेख, मान्य. पण त्याचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच भिजत फिरतो. ऑइल चुकीच्या ग्रेडचं पडलं किंवा बदलायला उशीर झाला की बेल्टचं रबर सुटतं, त्याचे कण खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की ऑइल प्रेशर गेलं, आणि प्रेशर गेलं की टर्बो, बेअरिंग, सगळं गेलं. अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस फोर्डने याच १.० इंजिनाच्या गाड्या परत बोलावल्या होत्या, ऑइल पंप फिरवणाऱ्या बेल्टच्या टेन्शनरसाठी. पुरस्कार इंजिन नवीन असताना मिळतो. दहा वर्षांत तिसऱ्या मालकाने त्यात कुठलं ऑइल ओतलं, हे पुरस्कार देणाऱ्याला कसं कळणार? त्यात कंपनी भारतातलं उत्पादन थांबवून बसलेली. मास्तरांच्या बजेटमध्ये ती जोखीम नको.

मास्तर, तुम्हाला रोजचे नव्वद किलोमीटर आहेत, तेही बहुतेक हायवेचे. डिझेलला हेच मानवतं. ब्रेझा चांगली गाडी आहे. पण तुम्ही विचारलंत, १.३ इंजिन चांगलं की वाईट? प्रश्न तसा नाही. त्या पांढऱ्या गाडीतलं इंजिन कसं आहे, एवढाच प्रश्न आहे. माझ्याकडे तीन लाखांचं बिनतक्रार १.३ येतं आणि ऐंशी हजारांत बसलेलंही येतं. कारखाना एकच, फरक मालकाचा.

गाडी घ्यायच्या आधी एवढं करा. डीलरला न कळवता सकाळी नऊला जा, बॉनेट उघडायला लावा आणि इंजिनवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्याने आधीच चालू करून ठेवलेली आहे. मग त्या दिवशी परत या. इंजिन एकदम गार असताना सेल्फ मारायचा आणि पहिले तीन सेकंद कान द्यायचा. या इंजिनाचा चेन टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे दाब येईपर्यंत सैल चेन साखळी ओढल्यासारखी खडखडते. एखादा सेकंद चालेल. तीन-चार सेकंद खडखडली तर चेन लांबलीय. ती दात सोडून सरकली तर व्हॉल्व पिस्टनला भिडू शकतात.

मग आयडलवर ऑइलचं झाकण काढा. हलका वाफारा चालतो. भकाभक धूर आणि धक्के आले, झाकण नुसतं ठेवलं तर नाचायला लागलं, तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. पिस्टन-रिंगचं काम.

बाकी स्कॅनर लावून बघायला हवं. शुक्रवारी अंबडला येऊ शकत असाल तर गाडी घेऊन या. डीलर गाडी बाहेर तपासायला देत नसेल तर तेच उत्तर समजा.

सिन्नरकर | ८ ऑक्टोबर, दुपारी १:१०

फिटर दादांचं शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून ठेवलं असतं, तर माझे दीड लाख वाचले असते.

मी माळेगाव एमआयडीसीत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी एका डीलरकडून डिझेल गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कंपनीचा दोष नव्हता. ८८,००० किमी, चकाचक, इंजिन बे तर इतका धुतलेला की तोंड दिसावं. मी त्या स्वच्छतेवरच भुलले. आज कळतं की इंजिन धुतलं की ऑइल कुठून झिरपतंय ते दिसत नाही. बाहेर तपासायला मागितली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आमचं दोनशे पॉइंट चेकिंग झालेलं आहे, कागद देतो." कागद दिलाही, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. मी घेतला.

सहा महिन्यांनी शिर्डीहून समृद्धीने परत येत होते. गाडीत सासूबाई आणि माझी मुलगी. ११० ला चालले होते, सगळं नीट. सिन्नर पंधरा-वीस किलोमीटरवर राहिलं असेल, तेव्हा ऑइलचा लाल दिवा लागला. मला वाटलं पुढच्या एक्झिटला उतरून बघू. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं चालवली असेल. मग खालून हातोडा मारल्यासारखा ठक-ठक-ठक आवाज, स्टिअरिंग जड, आणि गाडी बंद. कडेला कशी घेतली मलाच माहीत. बाजूने ट्रक जातात तेव्हा गाडी हलते, ती थरथर अजून अंगात आहे. मुलगी विचारत होती, "आई, गाडी झोपली का?"

उघडल्यावर फिटरने चेंबर दाखवलं. तळाला काळा, डांबरासारखा गाळ. त्याने बोटावर घेतला तर बोट वर केलं तरी खाली ओघळेना. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललंच नव्हतं, वरून टॉप-अप करत राहिला. बेअरिंग फिरलं, क्रँक खाल्लं. फुल इंजिन काम.

सर, लाल दिवा लागला की तिथेच बंद करायचं, एक्झिटची वाट बघायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. आणि दोनशे पॉइंटच्या कागदावर जाऊ नका.

मायको काका | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

सिन्नरकर ताई, वाचून वाईट वाटलं. मुलगी सुखरूप आहे, हे महत्त्वाचं.

मी सातपूरच्या आमच्या मायकोत (आता बॉश म्हणतात) एकतीस वर्षं काढली, बहुतेक सगळी नोझलवर, म्हणजे इंजेक्टरच्या डिझेल फवारणाऱ्या टोकावर. डिझेल इंजिनाचं आयुष्य तिथेच ठरतं, म्हणून दोन शब्द लिहितो.

१.३ सारख्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात डिझेल इंजेक्टरपर्यंत पोहोचतं तेव्हा दाब हजार बारच्या वर असतो, सोळाशेपर्यंत जातो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. नोझलच्या टोकाला जी भोकं असतात ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. आतली सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉन. आम्ही सुई तिच्या जोडीच्या बॉडीतच बसवायचो, दुसरीत नाही. नवीन पोरगा आला की मी त्याला डिझेलमध्ये बुडवलेली सुई बॉडीत उभी सोडायला लावायचो. ती पडायची नाही. स्वतःच्या वजनाने सावकाश, एकसारखी खाली सरकायची. मधे अडली तरी नापास, भर्रकन गेली तरी नापास. ते बघितलं की त्या पोराला पुढे काही समजवावं लागायचं नाही.

आता एवढ्या बारीक फटीत पाणी किंवा धूळ असलेलं डिझेल वर्षानुवर्षं गेलं, फिल्टर वेळेवर बदलला नाही, की झीज होते. जे डिझेल सिलिंडरमध्ये जायचं ते आतल्या आत गळून रिटर्नच्या नळीने टाकीत परत जातं. मग रेलमध्ये दाब बनायला वेळ लागतो आणि सेल्फ लांबतो. गंमत अशी की गार असताना चालू होईल, पण गरम डिझेल पातळ असतं, ते जास्त गळतं. म्हणून मास्तर, वीस किलोमीटर चालवून गरम झालेलं इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा, परत सेल्फ मारा. लांबला तर इंजेक्टर बघा.

आणि फिटर भाऊंना लीक-ऑफ टेस्ट करायला सांगा. चार इंजेक्टरच्या रिटर्नला चार नळ्या, चार बाटल्या. स्कॅनर जे सांगत नाही ते बाटली सांगते.

टर्बोप्रेमी | ८ ऑक्टोबर, रात्री ८:२०

काका, हे कधी वाचलंच नव्हतं. मनापासून धन्यवाद. इकोबूस्टचा सल्ला मागे घेतो. बेल्टचं मला खरंच माहीत नव्हतं.

एक विचारतो, मग साधी नवीन १.२ पेट्रोल का नको? टर्बो नाही, चेन आहे, वॉरंटी आहे.

पिंपळगावकर | ८ ऑक्टोबर, रात्री ९:०५

नवीन १.२ पेट्रोल उत्तमच, पण ब्रेझाएवढी मोठी गाडी सरांच्या साडेसहा लाखांत ऑन रोड बसत नाही. आणि चार-पाच वर्षं जुनी पेट्रोल घ्यावी तर ई-२० चा प्रश्न येतो. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर-पाइप त्याला चालतात. त्याआधीच्या बहुतेक गाड्या १० टक्क्यांसाठी बनलेल्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की मुळात इथेनॉलशिवायच्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी पडेल. रोज नव्वद किलोमीटरवाल्याला ते जाणवतं. मी ऊसवाला माणूस, इथेनॉल चांगलंच आहे. पण जुन्या पेट्रोल गाडीला ते मानवेल असं मी सांगणार नाही.

अंबडचा फिटर | ८ ऑक्टोबर, रात्री १०:१२

बरोबर. आणि डिझेलमध्ये बीएस-४ (आधीच्या प्रदूषण निकषाची) असल्याचा मास्तरांना एक फायदा आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, काजळी साठवून जाळणारा फिल्टर. तो शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबतो. या ब्रेझाला तो नाही. मात्र हिचा टर्बो व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांचा आहे, स्विफ्टच्या ७५ पीएसवाल्यासारखा साधा नाही. कायम हळू चाललेल्या गाडीत त्याची पाती काजळीने अडकतात आणि चढावर गाडी अचानक ओढेनाशी होते. चढ बघूनच घ्या.

काका, बाटल्या तयार ठेवतो.

गोदाकाठ | १० ऑक्टोबर, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आजचा दिवस सविस्तर लिहितो.

सकाळी सव्वानऊला न सांगता डीलरकडे गेलो. बॉनेटवर हात ठेवला, गार. सेल्फ मारला आणि आवाज आला. फिटर दादांनी म्हटलं होतं साखळी ओढल्यासारखा, अगदी तस्साच. मोबाइलवर रेकॉर्ड केला, घरी मोजला, साडेतीन सेकंद. डीलर म्हणाला, "डिझेल आहे सर, सकाळी असा आवाज करतंच."

ऑइलचं झाकण काढलं, धूर फारसा नव्हता. जीव जरा भांड्यात पडला.

गाडी बाहेर न्यायला आधी नाही म्हणाला. मी म्हटलं, मग राहू द्या. तेव्हा त्याच्या मुलाला बरोबर पाठवून दिली. इंदिरानगरवरून अंबडला गेलो. फिटर दादा, तुम्ही दुकानातली दोन कामं बाजूला ठेवून माझी गाडी घेतलीत, हे विसरणार नाही.

दादांनी स्कॅनर लावला. एकही फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद) नाही. मी म्हटलं, चला, बरं झालं. दादा म्हणाले, थांबा, आणि एक ओळ दाखवली. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, तो आकडा. ३८ किलोमीटर. सात वर्षांच्या गाडीत एकही कोड नव्हता, कारण ते कालपरवा पुसले होते. मी त्या मुलाकडे बघितलं, तो फोनकडे बघत होता.

मग बाटल्या. प्लास्टिकच्या चार छोट्या बाटल्या, वायरने बॉनेटला टांगलेल्या, प्रत्येकीत एक पातळ नळी. पाच मिनिटं आयडल. पहिली, दुसरी, चौथी, जवळपास एकाच उंचीवर. तिसरी जवळजवळ दुप्पट. काका, मी वर्गात मुलांना आलेख शिकवतो. इतका स्पष्ट आलेख आयुष्यात बघितला नाही.

गरम इंजिन बंद करून परत सेल्फ मारला तेव्हा पहिल्या झटक्यात चालू झालंच नाही.

दादांनी अंदाज दिला. चेन किट मजुरीसह पंधरा ते वीस हजार, एक इंजेक्टर, आणि कोड कशाचे पुसलेत ते कळत नसल्यामुळे वर धास्ती. डीलरला सांगितलं तर लगेच चाळीस हजार कमी केले. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

घरी सगळे म्हणतायत चाळीस कमी झाले तर घेऊन टाक. तुमचं मत हवंय.

मायको काका | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

घेऊ नका. चेन आणि इंजेक्टर दोन्ही बदलता येतात, त्याची भीती नाही. भीती आहे ती पुसलेल्या कोडची. जो माणूस कोड पुसून गाडी विकतो, त्याने आणखी काय झाकलंय हे तुम्हाला सहा महिन्यांनी कळेल, तेही कसारा घाटात आई शेजारी बसलेली असताना.

सिन्नरकर | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

काकांशी पूर्ण सहमत. चाळीस हजार कमी झाले म्हणून मन वळवू नका, सर. मलाही तेव्हा पंचवीस कमी केले होते.

सर्व्हिस रेकॉर्ड मागितलंत का? नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. कुठल्या किलोमीटरला काय केलं ते मालकाबरोबर जाऊन विचारलं की सांगतात.

गोदाकाठ | ११ ऑक्टोबर, दुपारी २:१५

ताई, विचारलं. ४१,००० पर्यंत नोंदी आहेत, त्यानंतर एकदम काही नाही. डीलर म्हणतो बाहेर करत होते. बाहेर म्हणजे कुठे, बिल आहे का, तर नाही.

सोडली. टोकन दिलं नाही.

पिंपळगावकर | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

शाब्बास सर. आता घाई करू नका. डीलरपेक्षा थेट मालक शोधा. दिवाळीत नवीन गाड्या घेणारे जुन्या काढतात, तेव्हा चांगल्या गाड्या बाहेर येतात.

गोदाकाठ | २ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दिवाळीनंतर एक मिळालीय, पण किलोमीटरवरून घरात वाद सुरू आहे.

नाशिक रोडला एक गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त. ब्रेझा डिझेल, २०१७, किलोमीटर १,४६,०००. पाच लाख नव्वद. पहिल्या गाडीपेक्षा एक वर्ष जुनी आणि चौतीस हजार जास्त चाललेली. डाव्या दरवाजाला खरचटलंय, सीट कव्हर फाटकं. बाबा म्हणतात, दीड लाख चाललेलं इंजिन कशाला उरावर घेतोस?

पण त्यांनी फाइल काढली. निळी, दोरा बांधलेली. पहिल्या सर्व्हिसपासून शेवटपर्यंत प्रत्येक बिल, दर दहा हजारांनी, आणि प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेनने तारीख आणि किलोमीटर. १,२०,००० ला चेन किट. डिझेल फिल्टर कधी बदलला तेही. मी विचारलं, एवढं का लिहिता? म्हणाले, "इंजिन ड्रायव्हर होतो, लॉगबुक लिहायची सवय आहे."

मायको काका | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, किलोमीटर हे वय आहे, आजार नव्हे. १,४६,००० मीटरवर दिसतंय आणि बिलांशी जुळतंय, म्हणजे खरं आहे. पहिल्या गाडीचे १,१२,००० खरे होते असं तुम्ही छातीठोक सांगू शकता का?

तरी बाटल्या लावल्याशिवाय घेऊ नका.

अंबडचा फिटर | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

रविवारी दुकान बंद असतं, पण आणा. वणीकडून नांदुरीला जाऊन सप्तशृंगी गडाचा घाट चढवून मग या, व्हीजीटीही कळेल.

गोदाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

झालं.

मालक स्वतः बरोबर आले. गार सेल्फ, अर्धा सेकंद खरखर आणि मग एकसारखं. नांदुरीहून गडाचा घाट चौघांना घेऊन चढलो. खाली दोन हजारच्या आत झोपते हे खरं, दुसरा गिअर ठेवावा लागतो. पण पुढे ओढ एकदाही तुटली नाही, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मालक प्रत्येक वळणाला सांगत होते, "आता गिअर उतरवा." त्यांचा जीव गाडीत आहे हे दिसत होतं.

अंबडला चारही बाटल्या एका रेषेत. कोड पुसल्यापासूनचा आकडा ९,२०० किलोमीटर, म्हणजे शेवटच्या सर्व्हिसच्या वेळचा. फिटर दादांनी खालून हात घालून टर्बोचा पाइप चाचपला, बोट दाखवलं, किंचित ओलसर. म्हणाले, क्लॅम्प बदलू, दीडशे रुपये. एवढंच निघालं. हो, एक ग्लो प्लग (गार इंजिन चालू करताना तापणारी कॉइल) मेला होता. तोही बदलला.

पाच लाख सत्तरला ठरली. एचएसआरपी पाटी लावलेली होती, कर्ज नाही, विमा मार्चपर्यंत. नाव ट्रान्सफरला पेठ रोडच्या आरटीओत उद्या जातोय. बाबांनी फाइल स्वतः चाळली, तासभर, आणि मग काही बोलले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, पेढे आण.

टर्बोप्रेमी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

अभिनंदन सर! हा पूर्ण धागा मी वाचनखूण करून ठेवलाय. मार्चमध्ये मलाही घ्यायचीय. दादा, तेव्हा माझ्याही बाटल्या लावाल ना?

सिन्नरकर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

खूप खूप अभिनंदन सर. आईंना सांगा, एकदा सिन्नरला गोंदेश्वर बघायला आणा. आणि लाल दिव्याचं लक्षात ठेवा.

अंबडचा फिटर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:२५

नक्की लावू भाऊ. मास्तर, ऑइल दहा हजारांची वाट न बघता आठला बदला, नव्वद किलोमीटर रोजचे आहेत. आणि लांब हायवेवरून आल्यावर लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट आयडलवर राहू द्या, टर्बोला ऑइल मिळतं. आधीच्या मालकाची फाइल तुम्ही पुढे लिहा.

गोदाकाठ | २१ डिसेंबर, सकाळी ७:४०

सहा आठवड्यांनी कळवतो.

काल शाळेची सहल होती, पहाटे पाचला निघायचं म्हणून रात्री निफाडलाच मुक्काम केला. गाडी शाळेच्या मैदानात उघड्यावर. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा सहाच्या आसपास आला की सगळीकडे बातमी होते. पहाटे काचेवर दव इतकं की आतलं काही दिसत नव्हतं, दरवाजाचं हँडल हाताला चावत होतं. मुलं स्वेटर-कानटोप्या घालून शेकोटीभोवती उभी.

चावी फिरवून कॉइलचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलो. मग सेल्फ मारला. अर्ध्या फेरीत चालू. खरखर नाही, मिस नाही, मागे नुसती पांढरी वाफ आणि तीही मिनिटभरात गेली. सातवीतला एक पोरगा धावत येऊन म्हणाला, "सर, आमचा ट्रॅक्टर अजून चालू नाही झाला."

फाइलमध्ये आज नोंद केली. १,४९,८५०.